रुग्णवाहिका रस्त्यात, रिपोर्ट दवाखान्यात

सायरन वाजवत १०८ ची गाडी शाळेवरून गेली की सगळा वर्ग खिडकीकडे वळतो, आणि "आत काय चाललं असेल हो?" हा प्रश्न हमखास येतो. आज त्याचंच उत्तर बघूया.

समजा, एका शेतकरीकाकांच्या छातीत अचानक कळ आली. घरच्यांनी १०८ फिरवला. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. प्रत्येक गाडीवर जीपीएस असल्यामुळे जवळची गाडी कोणती, हे तिथे पडद्यावर दिसतं आणि तिलाच निरोप जातो.

पण खरी गंमत पुढे आहे. गाडीत काकांच्या छातीवर सहा आणि हातापायांवर चार अशा दहा वायरी लावून ईसीजी काढता येतो. हृदयात चालणाऱ्या विजेचा तो आलेख. आता हा आलेख बिनतारी, म्हणजे आपल्या मोबाईलच्याच नेटवर्कने, मोठ्या दवाखान्यातल्या हृदयतज्ज्ञांना पाठवला तर?

तर दोन गोष्टी होतात. झटका मोठा असेल आणि रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर ते आलेखावरून बरेचदा लगेच कळतं. मग अँजिओप्लास्टीची सोय नसलेल्या जवळच्या दवाखान्यात थांबून वेळ घालवण्यापेक्षा गाडी सरळ सोय असलेल्या ठिकाणी नेता येते. आणि काका वाटेत असतानाच तिथली टीम तयार होते. रात्री दोन वाजता डॉक्टर, टेक्निशियन यांना घरून बोलवायचं तर वेळ लागणारच ना! दवाखान्यात पोचल्यापासून ९० मिनिटांत बंद वाहिनी उघडावी, असं वैद्यकशास्त्र सांगतं. उशीर होईल तसतसे हृदयाचे स्नायू मरत जातात, आणि ते परत उगवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात रेंजच नसते! प्रश्न बरोबर आहे. म्हणून थोडं गणित करू. ईसीजी १० सेकंदांचा, सेकंदाला ५०० नोंदी, आलेख १२. गुणाकार केला तर ६०,००० आकडे. एका आकड्याला २ बाइट धरले तर १,२०,००० बाइट, म्हणजे साधारण १२० केबी. व्हॉट्सॲपवरच्या सकाळच्या गुलाबाच्या फोटोइतकंच! त्यामुळे कमी रेंजमध्येही तो जातो. घाटात रेंज गेलीच तर यंत्र तो साठवून ठेवून नंतर पाठवू शकतं. पेशंटचा लाइव्ह व्हिडिओ दाखवायचा असेल तेव्हा मात्र ४जी, ५जी लागतं. माझ्या मते ग्रामीण भागात आधी साधा ईसीजी पोचला पाहिजे, व्हिडिओचं नंतर बघू.

कल्पना तशी जुनीच. नेदरलँड्समधल्या लायडनचे आइंटहोव्हेन यांचं ईसीजी यंत्र इतकं अवजड होतं की ते हलवणं अशक्य. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या दवाखान्यातल्या रुग्णाच्या हृदयाचे संकेत टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणले. १९२४ चं नोबेलही त्यांना मिळालं. आता फक्त तार गेली.

एक मात्र आहे. आलेख पोचला तरी पलीकडे तो बघणारा जागा हवा. फोन कोणी उचललाच नाही, तर भारीतलं यंत्रही नुसतं खोकंच.

घरी करून बघा: ईसीजी ३० सेकंदांचा घेतला तर किती केबी होईल? उत्तर वहीत लिहून आणा.