मिसेस ब्राउन

मिसेस ब्राउन : (१९९७). इंग्लंडची विधवा राणी व्हिक्टोरिया (कार. १८३७–१९०१) व तिचा स्कॉटिश सेवक जॉन ब्राउन (१८२६–८३) यांच्या निकटच्या संबंधांवर आधारलेला इंग्रजी ऐतिहासिक चित्रपट. दिग्दर्शक जॉन मॅडन, पटकथालेखक जेरेमी ब्रॉक. जूडी डेंच (राणी), बिली कॉनली (ब्राउन), जेफ्री पामर (राणीचा चिटणीस हेन्री पॉन्सन्बी) व अँटनी शेर (डिझरेली) यांनी प्रमुख भूमिका केल्या. दरबारी शिष्टाचाराच्या चौकटीत मालकीण व सेवक यांच्यात निर्माण झालेला विश्वास आणि राजकीय गरजेपुढे त्या विश्वासाला द्यावी लागलेली किंमत, हा या चित्रपटाचा विषय होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : राणीचा पती अ‍ॅल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी विंझर येथे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मरण पावला. राज्यकारभाराच्या कागदपत्रांपासून घरगुती व्यवस्थेपर्यंत प्रत्येक बाबतीत राणी त्याच्यावर विसंबून असे. त्याच्या मृत्यूनंतर ती सार्वजनिक जीवनातून जवळजवळ निवृत्त झाली आणि आयल ऑफ वाइट बेटावरील ऑझ्बर्न व स्कॉटलंडमधील बॅल्मॉरल येथील निवासांत राहू लागली. तिच्या प्रकृतीस घोडेस्वारी मानवेल, या विचाराने १८६४ च्या डिसेंबरमध्ये जॉन ब्राउन याला बॅल्मॉरलहून ऑझ्बर्न येथे आणण्यात आले. तो तेथे ‘गिली’ म्हणून काम करी. गिली म्हणजे शिकारीच्या व मासेमारीच्या वेळी धन्यासोबत राहणारा स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील सेवक. अ‍ॅल्बर्टच्या हयातीतही त्याने या दांपत्याची सेवा केली होती. १८६५ पासून तो कायमचा राणीच्या सेवेत राहिला.

ब्राउन याचे बोलणे रोखठोक होते. तो मद्यप्रिय होता आणि दरबारी रीतिरिवाजांची फारशी पर्वा करीत नसे. राणीला त्याचा हा स्वभाव आवडे. तिच्या मुलांना व दरबाऱ्यांना मात्र त्याचे वर्चस्व खुपत असे. १८६६ साली पंच  या विनोदी साप्ताहिकाने त्याच्या नावाने खोटे दरबारी वृत्त छापून त्याची टर उडवली. त्याच वर्षी राणीने त्याच्याशी गुप्तपणे विवाह केल्याची अफवा एका स्विस वृत्तपत्राने प्रसिद्ध केली. ‘मिसेस ब्राउन’ हे राणीला कुचेष्टेने देण्यात आलेले नाव याच काळातील होय. फ्रान्समध्ये १८७० साली प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर इंग्लंडमधील प्रजासत्ताकवाद्यांनाही जोर चढला. नजरेआड राहणाऱ्या राणीवर होणारा खर्च कशासाठी, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

कथानक : चित्रपटाची मुख्य कथा ब्राउनच्या ऑझ्बर्न येथील आगमनापासून सुरू होते. शोकमग्न राणीसमोर सर्व जण दबक्या आवाजात बोलत असताना तो पहिल्याच भेटीत तिच्या दुःखाचा स्पष्ट उल्लेख करतो. राणी संतापते. बोलावणे नसतानाही तो रोज तट्टू घेऊन अंगणात उभा राहतो आणि अखेर राणी बाहेर पडते. पुढे बॅल्मॉरल येथे ती मोकळेपणाने हिंडू लागते. एका डोंगरी कुटुंबाच्या घरी ती साध्या माणसाप्रमाणे जेवते. ब्राउन तिचा रक्षक व सल्लागार बनतो, त्याबरोबर त्याचा अधिकारही वाढतो. राजपुत्राची नाराजी, सेवकांचा मत्सर आणि वृत्तपत्रांतील कुजबूज यांचा त्याला सामना करावा लागतो.

राजेशाहीविरुद्धचा असंतोष वाढल्यावर डिझरेली बॅल्मॉरलला येतो. राणी ज्याचे ऐकते असा एकच माणूस आहे, हे ओळखून तो ब्राउनलाच मध्यस्थी करण्यास सांगतो. हा कथेतील निर्णायक प्रसंग होय. राणीने लोकांसमोर जावे असा आग्रह धरला, तर तिचा विश्वास आपण गमावू, हे ब्राउन जाणतो. तरीही तो तसा आग्रह धरतो, आणि राणीला तो विश्वासघात वाटतो. राणी सार्वजनिक जीवनात परतते. ब्राउन मात्र तिच्या सुरक्षेचा भार वाहत हळूहळू एकाकी होतो. त्याच्या मृत्यूपूर्वी दोघांची अखेरची भेट होते, तेव्हा राणीला त्याच्या निष्ठेचे मोल कळते.

इतिहास व कल्पित : पटकथेत नाट्याच्या सोयीसाठी काही घटना व व्यक्ती एकत्र आणलेल्या आहेत. पॉन्सन्बी आरंभापासून चिटणीस म्हणून दिसतो. प्रत्यक्षात त्याला ते पद १८७० साली मिळाले. राणीचा एकांतवासही चित्रपटात दिसतो तितका संपूर्ण नव्हता. १८६६ साली तिने पार्लमेंटचे उद्‌घाटन केले होते. चित्रपटात राजकारणाचे सूत्र डिझरेलीच्या हाती असले, तरी १८७१ साली पंतप्रधानपदी ग्लॅडस्टन होता. त्या वर्षाच्या अखेरीस युवराज एडवर्ड आंत्रज्वराने अत्यवस्थ झाला व वाचला. त्याबद्दल २७ फेब्रुवारी १८७२ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आभारप्रार्थना झाली आणि लोकमत राणीला पुन्हा अनुकूल झाले. दोनच दिवसांनी आर्थर ओकॉनर या तरुणाने राणीवर पिस्तूल रोखले. ब्राउनने त्याला पकडले व त्याबद्दल राणीने त्याला सुवर्णपदक दिले.

ब्राउन २७ मार्च १८८३ रोजी विंझर येथे विसर्प (धावरे) या रोगाने मरण पावला. राणीने १८८४ साली प्रसिद्ध झालेले आपले दैनंदिनीवर आधारित पुस्तक त्याच्या स्मृतीस अर्पण केले. त्याचे चरित्र लिहिण्याचा तिचा बेत मात्र दरबाऱ्यांनी हाणून पाडला. सातवा एडवर्ड गादीवर आल्यावर त्याने ब्राउनचे अर्धपुतळे व अनेक स्मृतिचिन्हे नष्ट करविली. चित्रपटातील ब्राउनचा अर्धपुतळा तटावरून फेकला जाण्याचे दृश्य याच वस्तुस्थितीचे सूचक आहे. राणीची कन्या बीअट्रिस हिने आईच्या दैनंदिनीची संपादित नक्कल करून मूळ वह्या नष्ट केल्या. त्यामुळे या संबंधांचे नेमके स्वरूप ठरविण्यास आवश्यक असा पुरावा फारसा उरला नाही. विवाहाच्या अफवेस विश्वसनीय आधार नाही. परंतु राणीच्या इच्छेनुसार तिच्या शवपेटीत ब्राउनचे छायाचित्र व केस तिच्या हातात ठेवून ते फुलांनी झाकण्यात आले, ही तिच्या वैद्याने केलेली नोंद तिच्या जिव्हाळ्याची साक्ष देते. या प्रश्नाचा निकाल देण्याचे चित्रपटाने टाळले आहे.

निर्मिती व मूल्यमापन : हा चित्रपट मुळात दूरचित्रवाणीसाठी तयार करण्यात आला होता. नंतर तो चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला व १९९७ च्या कॅन चित्रपट महोत्सवातही दाखविण्यात आला. काही चित्रण प्रत्यक्ष ऑझ्बर्न येथील राजनिवासात झाले. बॅल्मॉरलसाठी स्कॉटलंडमधील डन्झ किल्ल्याचा उपयोग करण्यात आला. संगीत स्टीव्हन वॉर्बेक यांचे आहे. डेंच यांना या भूमिकेबद्दल गोल्डन ग्लोब व ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तसेच ऑस्करसाठी नामांकनही लाभले. विनोदी कलावंत म्हणून ख्यातनाम असलेल्या कॉनली यांच्या संयत अभिनयाचीही प्रशंसा झाली.

पुढे व्हिक्टोरिया अँड अब्दुल (२०१७) या स्टीव्हन फ्रिअर्स दिग्दर्शित चित्रपटात डेंच यांनी पुन्हा याच राणीची भूमिका केली. १८८७ साली भारतातून राणीच्या सेवेत गेलेला व तिला हिंदुस्थानी भाषा शिकविणारा मुनशी अब्दुल करीम हा त्याचा नायक. त्याच्याजवळील राणीची पत्रेही १९०१ साली एडवर्डच्या आज्ञेने जाळण्यात आली. दोन्ही चित्रपटांतून एकच वस्तुस्थिती प्रत्ययास येते : सेवकाला राणीचे सान्निध्य लाभले, तरी त्याचे संरक्षण तिच्या हयातीपुरतेच होते. मिसेस ब्राउन  या चित्रपटाचे वैशिष्ट्य असे, की राजवैभवापेक्षा शोक, निष्ठा व कर्तव्य यांच्यातील संघर्षाला त्याने महत्त्व दिले आणि इतिहासाने पुसून टाकलेल्या एका सेवकाला पुन्हा प्रकाशात आणले.