जुने औषध आणि दुपारची गोळी

अवधानन्यूनता आणि अतिचंचलता, म्हणजे ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एडीएचडी’ म्हणतात, असे निदान तज्ज्ञाने एकदा केले की बेताच्या मिळकतीच्या पालकांपुढे उभा राहणारा प्रश्न अगदी व्यावहारिक असतो. औषध कोणते, आणि ते वर्षानुवर्षे परवडावे कसे?

महाग तेच गुणकारी, हा बाजारातला समज येथे लागू पडत नाही. मेथिलफेनिडेट हे औषध सिबा या स्विस कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी १९४४ साली प्रथम तयार केले. ते जुने झाले, पण निरुपयोगी झाले नाही. २०१८ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’मध्ये १३३ चाचण्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुण आणि सोसण्याजोगेपणा या दोन्ही कसोट्यांवर मुलांच्या अल्पकालीन उपचारासाठी त्याने पहिली पसंती याच औषधाला दिली.

साध्या गोळीचा अंमल मात्र तीनचार तासच टिकतो. सकाळची गोळी दुपारच्या तासांना पुरत नाही. दीर्घकाळ अंमल राखणारी गोळी आठ ते बारा तास पुरते; पण तिच्यातील द्रव्य तेच असते. जादा किंमत जाते ती द्रव्य सावकाश सोडणाऱ्या कारागिरीसाठी. मधल्या सुट्टीत दुसरी गोळी बिनबोभाट देणारे कोणी शाळेत असेल, तर स्वस्त गोळीनेही काम भागते. तसे कोणी नसेल, किंवा चारचौघांत नाव पुकारून गोळी दिली जात असेल, तर मूल ती टाळते आणि काटकसर फुकट जाते. औषधाची निवड डॉक्टरांनीच करावयाची, हे खरे. पण तिचा अर्धा निकाल असा शाळेत लागतो. मात्रा थोडी ठेवून हळूहळू वाढवतानाही वर्गशिक्षकांच्या चार ओळींच्या नोंदी डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. भूक, झोप, वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांवर लक्ष ठेवणे ओघानेच आले. सहा वर्षांखालील मुलांत मात्र औषधाआधी पालकांना वर्तनोपचाराचे शिक्षण देणेच इष्ट मानले जाते.

अडचण आणखी एक आहे. मेथिलफेनिडेट अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत येते. गैरवापर होऊ शकतो, तेव्हा निर्बंध हवेतच. पण नोंदवह्यांच्या कटकटीला कंटाळून दुकानदाराने ते ठेवलेच नाही, तर स्वस्ताई काय कामाची? ॲटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय उत्तेजक नाही; पण त्याचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात.

२०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा विकार आहे. शाळेतील तपासणीत हेरलेले मूल पुढे जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी त्यात योजना आहे. मग ही साधी गोळीही त्याच रुग्णालयाच्या खिडकीवर नियमित का मिळू नये?