घर बांधताना: मोजणी आणि तपासणी

गोदावरीच्या दक्षिणेस वसलेल्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या स्थानामुळे दूरवर परिचित आहे. या टापूतील घरबांधणीचे वेळापत्रक पुष्कळदा ऊसतोडीच्या हंगामावर ठरते. बीड जिल्ह्यातील लक्षावधी मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. चार पैसे गाठीस बांधून आलेले कुटुंब मृगाच्या आत छत पडावे म्हणून घाई करते. किंवा भावकीतील कोणावर काम सोपवून जाते आणि मालकाच्या पश्चात भिंती चढतात. दोन्ही वेळी काम पारखणारा जाणता माणूस जागेवर नसतो. वर्षानुवर्षांच्या कष्टाची पुंजी ज्या कामात जाते, त्या कामाचा महत्त्वाचा भाग मात्र एकदा मातीखाली किंवा गिलाव्याआड गेला की पुन्हा दिसत नाही.

यास्तव कोणता अधिकारी वा तज्ज्ञ कशाची खात्री देतो, हे घरमालकाने प्रथम समजून घेतले पाहिजे. मोजणीचा कागद हाती आला म्हणजे पाया भक्कम झाला, किंवा घरकुलाचा हप्ता मिळाला म्हणजे स्लॅब उत्तम पडला, असा समज सर्रास आढळतो. तो निराधार आहे.

भूकरमापक जागेची हद्द सांगतो. भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज व शुल्क भरल्यानंतर लगतच्या धारकांना नोटीस दिली जाते, प्रत्यक्ष मोजणी होते व हद्दीच्या खुणा दाखवून नकाशाची ‘क’ प्रत मिळते. गावठाणातील घरांची अडचण वेगळी होती. पिढ्यान्‌पिढ्या राहते घर असूनही ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरील नोंदीपलीकडे पुष्कळांजवळ कागद नव्हता, आणि ती नोंद मुख्यतः कर आकारणीसाठी असते. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेस प्रारंभ झाला. या मोजणीत चुन्याने आखलेल्या हद्दी आकाशातून टिपल्या जातात व चौकशीअंती मिळकत पत्रिका तयार होते. मोजणी पाया खणण्यापूर्वीच करून घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको. बांधलेली भिंत वीतभर सरकवता येत नाही, आणि शेजाऱ्याशी जडलेला दावा घरापेक्षा अधिक काळ टिकल्याची उदाहरणे गावोगावी ऐकावयास मिळतात!

हद्दीच्या आत जमीन कशी आहे, हे मात्र भूकरमापक सांगत नाही. गोदाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया या थरातच थांबला तर भिंतींना तिरप्या चिरा पडतात. खोदाई मुरमापर्यंत गेली पाहिजे. काळ्या मातीचा थर फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब सुमारे साडेतीन मीटर वा त्याहून खोल नेण्याची पद्धत आहे. रूरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ती विकसित केली. मुरूम खरोखर लागला की नाही, हे चर उघडा असतानाच दिसते. अभियंत्याची पहिली भेट त्याच दिवशी व्हावी.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांत किमान २५ चौरस मीटरचे घर अपेक्षित असते. कामाच्या टप्प्यांनुसार स्थाननिश्चितीसह छायाचित्रे घेतली जातात व हप्ते वितरित होतात. निधी योग्य ठिकाणी पोहोचला, याचा तो उत्तम पुरावा होय. परंतु बीममध्ये सळया किती व रिंगा किती अंतरावर, हे उभ्या भिंतीच्या छायाचित्रात दिसत नाही.

ही उणीव केवढी महाग पडते, हे मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अनुभवले. किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. जाडजूड भिंती बाहेरून भक्कम दिसत. परंतु आतील व बाहेरील थर सांधणारे आरपार जोडदगड अनेक भिंतींत नव्हते, मधली भर मातीची होती आणि वर माळवदाचे ओझे. भिंत दुभंगली आणि छत खाली आले.

शहरातील सदनिका घेणाऱ्यास १ मे २०१७ पासून महारेराचा आधार आहे. बांधकामातील दोष पाच वर्षांत आढळल्यास विकासकाला ते स्वखर्चाने दुरुस्त करावे लागतात. स्वतःच्या जागेवर गवंड्याकडून घर बांधून घेणारा ग्रामस्थ या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याने आपल्या बाजूचा तपासनीस स्वतः नेमावा, हाच मार्ग उरतो. तालुक्याच्या ठिकाणी स्थापत्य अभियंते असतात. त्यांतील ज्याचे शुल्क मालक देतो आणि ज्याचा ठेकेदाराशी, सिमेंट-सळईच्या दुकानदाराशी संबंध नाही, तोच स्वतंत्र म्हणावा. त्याला रोज बोलावण्याचे कारण नाही. पायाचा चर उघडा असताना, जोत्यापाशी, आणि स्लॅबचे लोखंड बांधून झाल्यावर पण काँक्रीट ओतण्यापूर्वी, अशा मोजक्या भेटी पुरेशा होतात. प्रत्येक भेटीचा शेरा वहीत तारखेसह लिहून घ्यावा. सुधारणा होईपर्यंत पुढील उचल देऊ नये, ही अट ठेकेदाराशी आरंभीच ठरलेली असावी.

काँक्रीट ओतताना पाण्यावर नजर हवी. मिश्रण सहज पसरावे म्हणून पाणी वाढविण्याची सवय गवंड्यांत फार आहे. ५० किलोच्या सिमेंट पोत्यास साधारणतः २७ लिटर पाणी पुरते. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. त्याच मिश्रणाचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवल्यास २८ दिवसांनी त्यांची ताकद तपासता येते. अनेक शासकीय तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत शुल्क भरून ही चाचणी करून मिळते.

काँक्रीट पडल्यावर मात्र पाण्याची काटकसर चालत नाही. वैशाखाच्या उन्हात निदान दहा दिवस ते ओले राहिले पाहिजे, आणि नेमकी तेव्हाच गावात टंचाई असते. यावर ओल्या गोणपाटाचे आच्छादन किंवा स्लॅबवर मातीचे छोटे वाफे करून पाणी साठविणे, हे स्वस्त उपाय आहेत. पाण्याची तजवीज नसेल तर स्लॅबची तारीखच पुढे ढकलावी, असे अभियंत्याने स्पष्ट सांगावयास हवे.

अखेरची भेट पावसाळा सरल्यावर ठेवावी. काळ्या मातीने एक पावसाळा पचविल्यानंतर कोठे चीर आली, कोठे छत पाझरले, हे तेव्हा कळते. आणि कुटुंब कोयता घेऊन पुन्हा घराबाहेर पडण्यापूर्वी दुरुस्तीला पंधरा दिवस तरी हाती असतात.