दोन गांधारांच्या मधली जागा

अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगची गिटार सुरू झाली की माझ्या हातातलं काम बाजूला राहतं. त्यात बोटांची धावपळ अजिबात नसते. एकच तार तो डाव्या हाताच्या बोटाने रेटतो. कोमल गांधारावरून निघालेला सूर शुद्ध गांधारापाशी पोचता पोचता थबकतो आणि तिथेच थरथरत राहतो. पियानोच्या पट्ट्यांमध्ये ही जागा मिळायची नाही. सतारीवर मींड ऐकलेल्या कानाला मात्र ती अनोळखी वाटत नाही. ब्लूजचा सगळा जीव या मधल्या जागेत आहे, असं माझं मत.

ही जागा शोधण्यासाठी लोकांनी काय काय वापरलं! डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला बँडमास्टर १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत होता. शेजारी एक फाटक्या कपड्यांतला कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर चाकू घासत गात होता. हँडीने आत्मचरित्रात तसं लिहून ठेवलंय. चाकू नसेल तर बाटलीची मान कापून बोटात घालायची. बी. बी.चा नातलग बुका व्हाइट असा स्लाइड वाजवण्यात तरबेज होता. बी. बी.ला ते काही जमेना, म्हणून तो नुसत्या बोटाने तार हलवून तसा आवाज काढू लागला. त्याचा तो प्रसिद्ध कंप असा न जमण्यातून आला.

ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने म्हणे चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून कला मिळवली. ही दंतकथा मला मनापासून नावडते, कारण त्यात त्याचा रियाज कुणाच्या खिजगणतीतच नसतो. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्या गाण्यांत तो एकटा वाजवतो, पण दोघं वाजवताहेत असं वाटतं.

मग वीज आली. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर कापसाच्या कामाला असलेल्या मडी वॉटर्सचं गाणं १९४१ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्सने तिथे जाऊन ध्वनिमुद्रित केलं. दोन वर्षांनी मडी शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या अड्ड्यांतल्या गलक्यात लाकडी गिटार कुणाला ऐकू येणार? त्याने विजेची गिटार घेतली आणि मिसिसिपी डेल्टातला तो करवादलेला सूर शहरभर घुमला.

बारा मात्राखंडांच्या चौकटीत एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, मग तिसरीने उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर जागा मोकळी सुटते, तिथे गिटार बोलते. तमाशातल्या सवाल-जवाबात दोन फड समोरासमोर असतात; इथे सवालही त्याच माणसाचा आणि जवाबही त्याचाच. बी. बी. तर गाताना वाजवायचाच नाही.

आपल्याकडे २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, तेव्हा मडीच्या साथीला वाजवलेला बडी गाय तिथे आला होता. त्याआधी, १९९३ मध्ये, विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम निघाला. मोहनवीणा आणि स्लाइड गिटार किती जवळच्या आहेत, हे त्यात कानाला पटतं.

पण नव्याने ऐकणाऱ्याने मला विचारलं, तर मी बी. बी. किंगचा ‘लाइव्ह अ‍ॅट द रीगल’ हा अल्बम हातात ठेवीन. २१ नोव्हेंबर १९६४चा शिकागोतला कार्यक्रम आहे. त्याने तार रेटली की प्रेक्षक ओरडतात, ते ओरडणंही ऐकायचं. म्हणून हेडफोन नको, खोलीत मोठ्याने लावा.