पोट दुखायचे थांबले, पण आतडे बरे झाले का?

"डॉक्टर, पोरगं आता नीट जेवतं, खेळतं, शाळेत जातं. मग या गोळ्या आणखी किती दिवस?" आतड्याला दीर्घकाळ सूज असलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. औषधे महाग असतात. शिरढोणहून परळला तपासणीसाठी जायचे म्हणजे आईचा किंवा वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडतो. शिवाय समोर मूल हसत-खेळत असते. तरीही या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या चेहऱ्यावरून देता येत नाही. ते आतड्याच्या अस्तरावर अवलंबून असते. हे अस्तर कसे भरून येते आणि त्याला वेळ का लागतो, हे आज समजून घेऊ.

आजार कोणता?

या आजाराला इंग्रजीत 'इन्फ्लॅमेटरी बॉवेल डिसीज' किंवा थोडक्यात 'आयबीडी' म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. 'अल्सरेटिव्ह कोलायटिस'मध्ये फक्त मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते व व्रण पडतात. मुलांमध्ये बहुधा बरेचसे मोठे आतडे त्यात सापडते. दुसरा प्रकार 'क्रोन'चा. न्यूयॉर्कचे डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव. हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत खोलवर उतरतो.

शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते, हे या आजाराचे मूळ. तो स्पर्शाने पसरत नाही. आईने काही चुकीचे खाऊ घातले म्हणूनही तो होत नाही.

अस्तर कसे भरून येते?

प्रौढ माणसाच्या आतड्याचे अस्तर पसरले तर ते बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाएवढे होईल, असा अंदाज आहे. मात्र त्याचा सर्वांत वरचा थर पेशींच्या एका ओळीचा, म्हणजे अगदी नाजूक असतो. अन्नरस आत घेणे आणि जंतूंना बाहेर ठेवणे ही दोन्ही कामे हाच थर करतो.

ही ओळ दर तीन ते पाच दिवसांनी नवी होते. आपल्याकडे राब भाजून त्या जागी भाताची रोपे वाढवतात व मग ती शेतात लावतात. आतड्याच्या अस्तरातही खोल खळगे असतात. त्यांच्या तळाशी मूळ पेशी सतत नव्या पेशी तयार करतात. त्या वर सरकत जाऊन झिजलेल्या पेशींची जागा घेतात.

अस्तराला लहानशी जखम झाली, तर शेजारच्या पेशी चपट्या होऊन काही तासांतच ती जागा झाकतात. त्यानंतर खळग्यांतून नव्या पेशींची भरती होते. शेवटी या पेशी आपापले काम शिकतात. काही अन्नरस शोषतात, तर काही बुळबुळीत श्लेष्मा तयार करून संरक्षक लेप देतात. निरोगी मुलात हे काम रोज, कोणालाही न कळता चालू असते.

मग आजारी मुलात ते का अडते? खाडीच्या बांधाला खांड पडून शेतात खारे पाणी शिरत राहिले, तर कितीही लावणी करा, रोप धरत नाही. आधी पाणी अडवावे लागते. तसेच सूज चालू असेपर्यंत नवी पेशी टिकत नाही. औषधे सूज अडवतात. जखम भरण्याचे काम शरीर स्वतःच करते. व्रण खोल असेल तर ते आठवड्यांचे नव्हे, महिन्यांचे काम ठरते. क्रोनमध्ये व्रण वारंवार झाले की तेथे वण धरतो, आतडे अरुंद होते आणि पुढे शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

बरे वाटणे वेगळे, बरे होणे वेगळे

२००६ साली इटलीतील डॉक्टरांनी क्रोनच्या ३७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८ मुलांना स्टिरॉइड दिले. उरलेल्या १९ मुलांना रोजचे जेवण पूर्ण बंद करून फक्त खास पोषक पेय दिले. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांतील बहुतेक मुलांचा त्रास थांबला होता. पण दुर्बिणीने पाहिले, तेव्हा पेय घेतलेल्या १९ पैकी १४ मुलांचे अस्तर भरून आलेले दिसले. स्टिरॉइडच्या गटात ते फक्त सहा मुलांत दिसले. म्हणजे त्रास थांबलेल्या मुलांपैकी काहींच्या पोटात व्रण तसेच होते.

म्हणूनच क्रोनच्या मुलांत सहा ते आठ आठवडे फक्त असे पेय देण्याचा उपचार आज पहिल्या पसंतीचा मानतात. तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा असतो. बाजारात मिळणारी कोणतीही 'ताकदीची पावडर' दुधात घालणे म्हणजे हा उपचार नव्हे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र त्याचा असा उपयोग होत नाही. तेथे मेसालाझिनसारखी औषधे, गरजेपुरते स्टिरॉइड आणि पुढे अॅझाथायोप्रिन यांचा आधार घेतात. दोन्ही प्रकारांत आजार तीव्र असेल तर इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शने देतात. त्यांत भारतीय बनावटीचीही मिळतात.

आयबीडीच्या उपचाराचे ध्येय काय असावे, याची शिफारस जगभरच्या तज्ज्ञांनी २०२१ साली नव्याने केली. त्रास थांबणे ही पहिली पायरी. अस्तर भरून येणे आणि मुलाची वाढ पूर्ववत होणे हे खरे ध्येय.

क्षय की क्रोन?

आपल्या देशात एक मोठी अडचण आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन दुर्बिणीतून जवळजवळ सारखेच दिसतात. दोघांचीही आवडती जागा एकच, लहान व मोठे आतडे जेथे मिळते ती. क्षय असताना सूज दाबणारी औषधे दिली तर क्षय भडकतो, म्हणून ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करावीच लागते. येथेही अस्तरच साक्ष देते. क्षयावरचे उपचार सुरू केल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. व्रण भरले असतील तर क्षय असण्याची शक्यता जास्त. तसेच राहिले असतील तर क्रोनचा विचार करावा लागतो.

पालकांनी काय करावे?

मुलाच्या शौचातून रक्त पडले की आपल्याकडे आधी आव किंवा जंत यांचा विचार होतो, आणि बहुधा तो बरोबरही असतो. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जुलाब किंवा रक्त, शौचासाठी रात्री झोपेतून उठणे, वारंवार ताप, गुदद्वारापाशी गळू, वजन घटणे, उंची खुंटणे यांपैकी काही असेल तर आवेच्या गोळ्यांचा दुसरा-तिसरा कोर्स करू नये. मोठ्या रुग्णालयातील मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांना दाखवावे. परळला बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून आणि केईएम १९२६ पासून आहे. खर्चाची अडचण असल्यास रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. शासकीय योजना व धर्मादाय निधी यांची माहिती त्यांच्याकडे मिळते.

उपचार सुरू झाल्यावर पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) बरे वाटले म्हणून औषध बंद करू नये. स्टिरॉइड तर अचानक कधीच थांबवू नये.

२) दर तीन महिन्यांनी वजन व उंची वहीत लिहून ठेवावी. उंची वाढत नसेल तर मूल हसते-खेळते असले तरी डॉक्टरांना सांगावे.

३) शौचाच्या नमुन्यात 'कॅलप्रोटेक्टिन' नावाचे प्रथिन मोजता येते. आतडे सुजलेले असले की ते वाढते. ही तपासणी वेळेवर केल्यास दुर्बीण वारंवार घालावी लागत नाही.

४) ताप किंवा अंगदुखीवर दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणू नये. त्यांनी आजार उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालते, तेही विचारून.

५) आजार शमल्यावर महिनोन्महिने पेज आणि कांजीवर ठेवू नये. भात, वरण, अंडी, मासळी असा सकस आहार द्यावा. नवे अस्तर अन्नातूनच घडते. आतडे अरुंद झाले असेल तर चोथ्याचे पदार्थ किती द्यावेत, हे डॉक्टरांना विचारावे.

६) काही लसींमध्ये जिवंत जंतू असतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू करण्यापूर्वी लसींचे कार्ड दाखवावे.

७) वर्गशिक्षकांना आजाराची कल्पना द्यावी. या मुलाला शौचाला जाण्यासाठी हात वर करून वाट पाहायला लावू नये. अनेक मुले याच भीतीने डबा खात नाहीत आणि मग शाळाच सोडतात.

हा आजार मुळापासून जातोच असे नाही. पण अस्तर भरून आले आणि भरलेले राहिले, तर आजार उलटण्याची, आतडे कापावे लागण्याची शक्यता कमी होते आणि मूल आपल्या वयाप्रमाणे वाढते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना "पोट दुखते का?" एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देऊन थांबू नका. "अस्तर भरले का? हे कशावरून समजायचे?" हा प्रश्न तुम्हीच विचारा.