खांबावरचा भोंगा

मेक्सिको सिटी : इथल्या चौकाचौकांत पोलीस कॅमेऱ्यांचे उंच खांब आहेत. वर कॅमेरा, त्याखाली भोंगा, आणि अनेक खांबांना हाताशी येईल असे मदतीचे बटण. बटण दाबले की 'सी-फाइव्ह' या नियंत्रण केंद्रातला माणूस थेट बोलतो. पोलीस, रुग्णवाहिका, वाहतूक, सगळ्यांची सूत्रे तिथे जुळतात. २००९ मध्ये थालेस आणि टेलमेक्स या कंपन्यांकडे हे काम सोपवले गेले, ते गुन्हेगारीच्या धास्तीने. पण माझ्या मते या खांबाचे खरे मोल भोंग्यात आहे.

हे शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेले. शेकडो किलोमीटरवरच्या पॅसिफिक किनाऱ्याशी झालेला भूकंप इथे मऊ मातीत अधिकच हादरवतो. १९ सप्टेंबर १९८५ ला त्याने हजारो बळी घेतले. त्यानंतर किनाऱ्यावर संवेदक बसले. रेडिओचा संदेश भूकंपलहरींच्या कितीतरी पुढे धावतो, म्हणून किनाऱ्यावर जमीन हलली की राजधानीला साधारण मिनिटभर आधी कळू शकते. तो इशारा पूर्वी मोजक्या इमारतींत आणि रेडिओवर ऐकू येई. आता कॅमेऱ्यांच्या खांबांवरून तो रस्त्यावर येतो, आणि माणसे जिने उतरू लागतात.

यंत्रणेच्या मर्यादाही इथल्या लोकांनी सोसल्या आहेत. ६ सप्टेंबर २०१७ ला इशारा चुकून वाजला. दुसऱ्याच रात्री ८.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हाचा इशारा खरा होता. भोंगा फुकट वाजला की पुढच्या वेळी पाय रेंगाळतात. म्हणून चाचणीची शिस्त मला कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची वाटते. मग त्याच महिन्यात १९ सप्टेंबर आला. सकाळी अकराला १९८५ च्या स्मरणार्थ शहरभर सराव झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खरोखरच जमीन हादरली. या वेळी केंद्रबिंदू जवळ होता, त्यामुळे भोंगे आणि हादरे जवळजवळ एकदमच आले. राजधानीत २२८ माणसे गेली.

कॅमेऱ्यांवर अंकुश हवाच. चित्रीकरणाचा वापर कोणी, कशासाठी करायचा, याचा कायदा या शहराने २००८ मध्येच, म्हणजे हे काम सोपवण्याआधी केला. तो क्रम योग्य होता.

पुणेकर वाचकांनो, खडकवासल्यातून रात्री पाणी सोडले, तर नदीकाठच्या वस्तीतला कॅमेऱ्याचा खांब बोलेल का, हे आपल्या महापालिकेला विचारा.