सीमा आणि मैदान : लेखांक सहावा – शिमोनोसेकी ते बालेवाडी

मागील लेखांकात आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, पात्रतेच्या नियमांचा विचार करताना आपण असे पाहिले की, खेळाडूच्या जन्मभूमीबरोबरच त्याच्या आईबापांची, फार काय आजाआजींचीही जन्मभूमी हा महासंघ ग्राह्य धरतो, आणि त्या आधारावर कित्येक खेळाडू स्वतः जेथे वाढले त्या देशाऐवजी त्यांचे पूर्वज जेथून निघाले त्या देशातर्फे खेळतात. ही उदारता ऐकावयास गोड आहे. परंतु तिच्याही आधी एक लहानसे कलम उभे असते. खेळाडू त्या देशाचा नागरिक असला पाहिजे, आणि नागरिक कोणास म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार फिफाला नाही. तो प्रत्येक राष्ट्राचे सरकार आपल्या दप्तरात, आपल्या शिक्क्यानिशी आणि आपल्या सवडीने बजावीत असते. ही सरकारी सवड हाच आजच्या लेखाचा विषय असून अराता इझुमी या खेळाडूची कारकीर्द हे तिचे उदाहरण आहे.

जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाला, क्यूशूपासून त्यास विभागणाऱ्या चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या काठी, शिमोनोसेकी नावाचे बंदर आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास ते १८९५ च्या चीन-जपान तहामुळे ठाऊक असते आणि जपानी खवय्यास फुगु नावाच्या विषारी माशामुळे. या गावी ३१ जुलै १९८२ रोजी इझुमीचा जन्म झाला. आई जपानी, वडील गुजराती. येथे वाचकांनी किंचित थांबून त्या वर्षीच्या कायद्यांकडे पाहावे, कारण ते दोन्ही आजच्या दृष्टीस चमत्कारिक वाटतील. जपानचा तत्कालीन कायदा अपत्यास बापाचे राष्ट्रीयत्व देत असे. आईकडून ते मिळण्याची सोय १ जानेवारी १९८५ पासून अमलात आली. आपलाही १९५५ चा नागरिकत्व कायदा परदेशी जन्मलेल्या मुलाबाबत बापाचाच वंश मोजीत होता. आईचा मोजावयास त्याने १९९२ चा डिसेंबर उजाडू दिला. म्हणजे हा मुलगा पाळण्यात होता तेव्हा वारसा दोघांचा असला तरी टोकियो आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणच्या दप्तरांत आईच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नव्हते. मिश्र वंशाच्या माणसाचे अर्धे आयुष्य भावनेच्या गोंधळात जाते असे कादंबरीकार सांगतात. मला तर त्याचा पुष्कळसा काळ अर्जाच्या नकला करण्यात जात असावा असे वाटते.

जपानची व्यावसायिक लीग १९९३ साली सुरू झाली, तेव्हा इझुमी शाळकरी वयाचा होता. त्या लीगने जपानी फुटबॉलचे रूप अल्पावधीत पालटले, परंतु तिच्यामुळे देशात इतके चांगले खेळाडू निपजू लागले की दुसऱ्या प्रतीच्या गुणी मुलास पोटापाण्यासाठी आशियातील इतर लीगांकडे पाहणे भाग पडले. सिंगापूरच्या लीगमध्ये अल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबाने आपल्या तरुण खेळाडूंची एक शाखाच थाटली होती. इझुमी तेथे खेळला आणि २००६ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बेंगॉलकडे आला. बापाच्या देशात तो आला तो असा, परदेशी खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या मोजक्या जागांपैकी एका जागेवर, करारपत्रावर सही करून.

पुढच्याच हंगामात तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये दाखल झाला. ज्यांनी कूपरेजच्या मैदानावर टाटा, मफतलाल किंवा ऑर्के मिल्स यांचे सामने पाहिले असतील त्यांना मुंबईच्या फुटबॉलची प्रकृती निराळी सांगावयास नको. कोलकात्यात क्लब हा समाजाचा असतो, गोव्यात गावाचा. मुंबईत तो बहुधा कंपनीचा असे, आणि खेळाडूची भाकरी पगारपत्रकातून येई. महिंद्रचा संघ १९६२ पासूनचा. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली होती आणि त्याची धुरा डेरिक परेरा या गोमंतकीय प्रशिक्षकाकडे होती. मधल्या फळीत मोकळी जागा हेरून धावणारा, चेंडू पायाशी घोळवीत बसण्यापेक्षा तो वेळेवर पुढे देण्यात धन्यता मानणारा हा जपानी-गुजराती तरुण परेरांच्या शिस्तीत चपखल बसला. २००९ मध्ये परेरा पुणे एफ.सी.कडे गेले तेव्हा इझुमीही पुण्यास आला. हा निर्णय शहाणपणाचा ठरला, कारण पुढील वर्षी महिंद्रने आपला संघच मोडीत काढला.

पुणे एफ.सी.ची स्थापना २००७ सालची. पिरामल घराण्याच्या उद्योगसमूहाने ती केली. जुन्या परंपरेचे ओझे नसलेला हा संघ बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत, म्हणजे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या त्या विस्तीर्ण आवारात, आपले सामने खेळे, आणि आय-लीग या राष्ट्रीय लीगमधील आपल्या पहिल्याच हंगामात त्याने तिसरा क्रमांक पटकावला. २०१२-१३ मध्ये तो चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला. पुणेकरांनी या संघास गर्दीची भेट क्वचितच दिली. क्रिकेट आणि नाटक यांच्यातून उरलेला वेळ या शहरात फारसा नसतो. तथापि जे नियमाने येत त्यांना इझुमी हा परका वाटेनासा झाला होता. सरकारी दप्तराला मात्र तो अद्याप परकाच होता.

हे दप्तर काय म्हणत होते ते नीट समजून घेतले पाहिजे. भारतीय कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. १९५५ च्या कायद्याचे नववे कलम स्वेच्छेने परकी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीयत्व आपोआप संपुष्टात आणते. परदेशस्थ भारतीय वंशजांसाठी पुढे ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, नावाची जी व्यवस्था निघाली, तिच्या नावात 'नागरिक' हा शब्द आहे खरा, पण तिच्यायोगे मिळते ते प्रवासाचे व राहण्याचे सौकर्य. मतदानाचा हक्क नाही आणि पासपोर्टही नाही. खेळाच्या बाबतीत या शब्दाची मखलाशी काही काळ चालली. टेनिसपटू विजय अमृतराज यांचे चिरंजीव प्रकाश हे अमेरिकेचा पासपोर्ट बाळगून डेव्हिस चषकात भारतातर्फे खेळत असत. २००८ च्या अखेरीस केंद्रीय क्रीडा खात्याने हुकूम काढला की, भारताचे प्रतिनिधित्व भारताचा पासपोर्ट असणाऱ्यानेच करावे. त्या दिवसापासून परदेशस्थ वंशजापुढे एकच मार्ग उरला : जन्मापासूनचे नागरिकत्व सोडावयाचे आणि भारताचे मागावयाचे. त्यासही कायद्याची मुदत आहे. ओसीआय म्हणून नोंद होऊन पाच वर्षे लोटली पाहिजेत, आणि अर्ज करण्यापूर्वी बारा महिने भारतात रहिवास असला पाहिजे.

इंग्लंडमधील न्यूकॅसल गावी वाढलेल्या मायकेल चोप्रा या खेळाडूस, ज्याचे वडील भारतीय वंशाचे होते, भारताकडून खेळण्याची इच्छा होती. ब्रिटिश पासपोर्ट सोडण्याची अट पुढे येताच ती इच्छा तशीच राहिली, आणि २०१४ मध्ये तो केरळ ब्लास्टर्सकडून खेळावयास आला तो परदेशी खेळाडू म्हणूनच. त्यास दोष देण्याचे कारण नाही. व्यावसायिक खेळाडूचा पासपोर्ट हे त्याच्या धंद्याचे हत्यार असते. इझुमीने मात्र ते हत्यार खाली ठेवले. जपानचा कायदाही दुसरे राष्ट्रीयत्व स्वेच्छेने घेणाऱ्यास आपल्या नोंदवहीतून वगळतो, त्यामुळे ही तडजोड पूर्ण होती. नव्या कागदपत्रांवर त्याचे नाव नीलकंठ खंभोळजा असे लागले, आणि ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्ध, विम कूव्हरमान्स या डच प्रशिक्षकाच्या हाताखाली, तो भारतातर्फे प्रथम खेळला. भारत तो सामना ४-२ असा हरला.

त्या दिवशी त्याचे वय तीस वर्षांचे होते. चोविसाव्या वर्षी तो या देशात आला होता. चोवीस ते तीस ही मधल्या फळीतील खेळाडूच्या उमेदीची वर्षे. फुप्फुसे अजून तरुण असतात आणि डोके शहाणे होऊ लागलेले असते. ती सारी वर्षे भारतीय क्लबांना लाभली, भारताला लाभली नाहीत. दप्तराचे वर्ष आणि खेळाडूचे वर्ष यांची लांबी सारखी नसते. कचेरीत पाच वर्षे म्हणजे दोन बदल्या, मैदानावर पाच वर्षे म्हणजे निम्मी कारकीर्द. राष्ट्रीय संघात इझुमी खेळला ते सामने दहाच्या आतच राहिले, यात त्याच्या कौशल्याचा दोष शोधणे मला अन्यायाचे वाटते. पासपोर्टाची अट मला तत्त्वतः मान्य आहे. ज्यास देशाच्या नावाने उभे राहावयाचे आहे त्याने त्या देशाचे कायदेशीर उत्तरदायित्व पत्करावे, सोय तेवढी पत्करू नये, हे योग्यच आहे. पण अट घालणाऱ्या सरकारवर ती वेळेत पुरी करून देण्याचीही जबाबदारी येते, आणि खेळाडूच्या अर्जास सामान्य अर्जांच्या चळतीत ठेवणे हे समतेचे लक्षण नसून अनास्थेचे आहे.

या बाबतीत उपरोध असा की, ज्या देशाचा पासपोर्ट इझुमीने परत केला त्या देशाने नेमके उलट धोरण चालवून आपला संघ उभा केला. रुय रामोस हा ब्राझिलियन १९८९ मध्ये जपानी नागरिक झाला आणि १९९२ मध्ये हिरोशिमास आशियाई चषक जिंकणाऱ्या संघाचा तो आधारस्तंभ होता. १९९८ च्या विश्वचषकात वाग्नेर लोपेस, २००२ मध्ये आलेक्स सांतोस, २०१० मध्ये मार्कुस तुलिओ तनाका : त्या काळच्या प्रत्येक पिढीत एक तरी दत्तक पुत्र जपानी संघात दिसला. यांपैकी तनाका तर इझुमीचेच उलटे प्रतिबिंब. ब्राझीलमध्ये जपानी वंशाच्या बापापोटी जन्मलेला, कुमारवयात जपानला आलेला, आणि २००३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, जपानी झालेला. जपानही दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. अट तीच, फरक वयाचा.

इझुमीची पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. नागरिकत्वाचा व्यावहारिक लाभ त्यास इंडियन सुपर लीगमध्ये मिळाला, कारण तेथे तो भारतीय खेळाडूंच्या गणतीत आला : २०१५ मध्ये प्रशिक्षक अंतोनिओ हबास यांच्या हाताखाली अ‍ॅटलेटिको दे कोलकाता, पुढील वर्षी त्यांच्याच हाताखाली एफ.सी. पुणे सिटी, आणि २०१७-१८ मध्ये केरळ ब्लास्टर्स. ज्या पुणे एफ.सी.ने त्यास सर्वांत अधिक काळ सांभाळले तो संघ २०१५ मध्येच बंद पडला होता. खेळणे संपल्यावर तो जपानला परतला नाही. नव्या मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या युवा संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याने मुले घडविण्याचे काम पत्करले.

भारतासाठी परका पासपोर्ट सोडण्याच्या वाटेने इझुमीनंतर जाणारा दुसरा खेळाडू दिसावयास बारा वर्षांहून अधिक काळ गेला. पर्थ शहरात वाढलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. त्याची आई मुंबईत जन्मलेली, आणि आईचे वडील लिंकन ग्रोस्टेट हे १९५० च्या दशकात संतोष करंडक स्पर्धेत मुंबईच्या संघातून खेळलेले. मुंबईच्या अँग्लो-इंडियन वस्तीतून ऑस्ट्रेलियास गेलेल्या या कुटुंबांची हकीकत स्वतंत्र लेखांकाची धनी आहे. ती पुढील आठवड्यात पाहू.